मनगटाचा मान : पालवणकर बाळू यांचे जीवन

तिरुवैयारु म्हणजे पाच नद्यांचे गाव. कावेरीच्या काठी, जेथे संत त्यागराजांची समाधी आहे, तेथे दरवर्षी पौष वद्य पंचमीला आराधना होते आणि शेकडो गायक-वादक एका मांडवाखाली बसून पंचरत्न कृती गातात. त्या समूहगानाला ज्याचा आधार असतो तो मृदंग आम्ही तंजावरकर मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. वादकाच्या मनगटाची लवचिकता पाहून आपण मान डोलावतो. परंतु तो मृदंग बोलतो तो गाय, शेळी आणि म्हैस यांच्या कातड्यांमुळे, आणि ती कातडी कमावून, कापून, ताणून वाद्यावर चढविणारे हात बहुतांशी अशा समाजांचे होते की ज्यांना एके काळी मांडवाच्या आतही जागा नव्हती. हाताची कला पूज्य आणि हात मात्र अस्पृश्य, असा हा विचित्र न्याय दक्षिणेत होता तसाच महाराष्ट्रातही होता.

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत महाराष्ट्रातील एखाद्या कर्तबगार पुरुषाचे चरित्र असावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. छत्रपती, संतमंडळी, समाजसुधारक यांची चरित्रे आपल्या मुलांनी वाचलेली असतात, निदान ऐकलेली असतात. म्हणून आम्ही या खेपेस एका खेळाडूकडे वळलो आहोत. एका चर्मकार कुटुंबात जन्मलेल्या, मैदान झाडण्यापासून आयुष्याला आरंभ केलेल्या आणि केवळ डाव्या हाताच्या मनगटाच्या व बोटांच्या बळावर हिंदुस्थानातील पहिला थोर गोलंदाज ठरलेल्या या पुरुषाचे नाव बाळू बाबाजी पालवणकर. इंग्रजी वृत्तपत्रे त्यांना पी. बाळू म्हणत.

बालपण आणि पुण्याचे मैदान

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाड येथे झाला. घराण्याचे आडनाव पालवण या गावावरून आलेले. वडील लष्कराच्या आश्रयाने नोकरी करणारे, त्यामुळे कुटुंबाचा मुक्काम पुढे पुण्यास आला. त्या काळी लष्करी नोकरी हा अस्पृश्य मानलेल्या जातींना गावगाड्याच्या जाचातून बाहेर काढणारा एक मोठा दरवाजा होता. त्या दरवाजातून पोटाला भाकरी आली, मुलांना थोडेफार शिक्षण आले आणि छावणीच्या मैदानावरून क्रिकेट हा खेळही आला. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम खेळू लागले. गणपत आणि विठ्ठल हे आणखी दोन बंधूही पुढे याच वाटेने गेले.

घरची परिस्थिती बेताची असल्याने बाळूंचे शिक्षण लवकरच थांबले. पुण्यातील पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. पगार दरमहा तीन रुपये. क्लबाचे सभासद अधूनमधून त्यांना चेंडू टाकावयास सांगत. 1892 च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात गेले. तेथे दरमहा चार रुपये मिळू लागले. रूळ ओढणे, खेळपट्टी आखणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसच्या कोर्टांवर रेघा मारणे अशी कामे दिवसभर चालत.

या क्लबातील ट्रॉस नावाच्या एका साहेबाने बाळूंना प्रथम जाळीत गोलंदाजी करण्यास प्रोत्साहन दिले. पण त्यांचा खरा कस लागला तो कॅप्टन जॉन ग्लेनी ग्रेग यांच्यासमोर. ग्रेग यांचा जन्म 1871 मध्ये महू येथे झालेला. ग्लेनी या नावाचा अपभ्रंश होऊन हिंदी प्रेक्षकांत ते ‘जंगली’ या नावाने ओळखले जात. इंग्लंडात हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले आणि त्या काळी हिंदुस्थानातील गोऱ्या फलंदाजांत अग्रगण्य मानले गेलेले हे गृहस्थ, देहयष्टीने लहान पण पावलांनी अत्यंत चपळ. आपला खेळ धारदार राहावा म्हणून ते इतरांच्या आधी मैदानावर येत आणि बाळूंकडून तास न्‌ तास चेंडू टाकवून घेत. बाळूंनी त्यांना बाद केले की दर खेपेस आठ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, चार रुपये महिन्याच्या माणसाला आठ आणे म्हणजे काय होते, हे सांगावयास नको.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पूना क्लबातल्या त्या सगळ्या वर्षांत बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट कधीच दिली गेली नाही. गोलंदाजी ही श्रमाची बाब, ती नोकराने करावी. फलंदाजी हा साहेबांचा विलास. बाळूंनी आपल्या वाट्याला आलेल्या या श्रमाचेच शास्त्र बनविले.

हाताच्या फिरकीचे शास्त्र

येथे थोडे थांबून त्या शास्त्राचा विचार करू. बाळू हे डावखुरे मंदगती गोलंदाज. मंदगती गोलंदाजाजवळ वेगाचे शस्त्र नसते. त्याचे सारे सामर्थ्य चेंडूला मिळणाऱ्या फिरकीत, उंचीत आणि टप्प्यात साठविलेले असते.

आपल्या कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात दोन हाडे असतात. करंगळीच्या बाजूचे हाड बरेचसे स्थिर राहते, आणि अंगठ्याच्या बाजूचे हाड त्याच्याभोवती फिरते. कुलूप उघडताना, पळीतले पाणी ओतताना, दाराची मूठ पिळताना आपण हेच करतो. डाव्या हाताने दाराची गोल मूठ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला फिरवून पाहावी; डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाच्या हाताचा जो मूळ पिळा, तो हाच. पहिले बोट चेंडूच्या शिवणीवर आडवे रुतलेले असते. हात डोक्यावरून खाली येत असता पुढचा हात फिरतो, वाकवून राखलेले मनगट शेवटच्या क्षणी सुटते आणि बोट शिवणीला ओढ देते. अशा रीतीने सुटलेला चेंडू टप्पा पडताच उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर, त्याच्या ऑफ यष्टीच्या बाहेर वळतो. मौज अशी की हवेत असताना तोच चेंडू वळणाच्या विरुद्ध बाजूस, म्हणजे फलंदाजाच्या अंगाकडे किंचित सरकतो, कारण फिरणाऱ्या चेंडूच्या दोन बाजूंना हवेचा दाब सारखा राहात नाही. फलंदाज आत येणाऱ्या चेंडूसाठी बॅट पुढे करतो आणि चेंडू बाहेर निघून जातो.

परंतु हे सारे केवळ मनगटाचे काम आहे असे समजणे चूक होय. हाताची गती जमिनीतून उगम पावते. पुढचा पाय घट्ट रोवला जातो, त्यावर कंबर वळते, कंबरेमागून खांदा येतो, खांद्यामागून बाहू, आणि सर्वांत शेवटी मनगट व बोटे. प्रत्येक अवयव आपली गती पुढच्याच्या स्वाधीन करून स्वतः मंदावतो. साहेबांच्या गोल्फ या खेळातही हाच नियम चालतो. काठी मागे नेताना मनगटे दुमडली जातात. खाली येताना आधी कंबर वळते, आणि चेंडूवर आघात होण्याच्या सुमारास दोन्ही हातांचे पुढचे भाग एकमेकांबरोबर फिरतात. ज्याची मनगटे घाईने आधीच सुटतात त्याचा फटका फुकट जातो. कोयता चालविणारा, चाबूक उडविणारा, मृदंगावर थाप देणारा, या सर्वांच्या हातांत हा क्रम असतो, जरी त्यांनी त्याचे नाव कधी ऐकलेले नसले तरी.

क्रिकेटच्या नियमांनी गोलंदाजावर आणखी एक बंधन घातले आहे. चेंडू सोडताना वाकविलेला कोपर सरळ करण्याची मुभा त्याला नाही; तसे केल्यास ती फेक ठरते. म्हणजे हाताच्या तीन सांध्यांपैकी मधला जणू बांधून ठेवावयाचा आणि उरलेल्या दोहोंकडून तिघांचे काम करून घ्यावयाचे. यासाठी जे कौशल्य लागते ते पुस्तकातून येत नाही. ते हजारो वेळा त्याच जागी त्याच रीतीने चेंडू टाकल्याने येते. बाळूंना क्लबाच्या नोकरीने ही तपश्चर्या घडविली. ग्रेगसारखा चपळ पावलांचा फलंदाज समोर असल्याने टप्प्यात वीतभर चूक झाली तरी तिची शिक्षा तत्काळ मिळे. समकालीनांच्या वर्णनांवरून दिसते की बाळूंची धाटणी अत्यंत सहज होती. ते चेंडू दोन्ही बाजूंना वळवीत, हवेत त्याला बाक देत, वेगात बेमालूम फरक करीत, आणि वळेल असे वाटणारा एखादा चेंडू सरळ घालून फलंदाजाला फसवीत. त्या काळी खेळपट्ट्या पावसापासून झाकल्या जात नसत. पावसाने भिजून उन्हात सुकू लागलेल्या चिकट खेळपट्टीवर तर त्यांना खेळणे जवळजवळ अशक्यच होई.

पंगतीबाहेरचा गोलंदाज

पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांच्या संघाला हरविण्याची मनीषा होती, आणि साहेबांना रोज जाळीत चकविणारा गोलंदाज त्याच गावात होता. पण तो चर्मकार. त्याला संघात घ्यावे की नाही यावर क्लबात मतभेद झाले. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा बलवत्तर ठरली आणि बाळू हिंदूंकडून खेळू लागले.

खेळू लागले, परंतु कसे? मैदानावर तोच चेंडू ब्राह्मण खेळाडूंच्या हातून त्यांच्या हाती येई व त्यांच्या हातून परत जाई. त्याने कोणाला विटाळ होत नसे. चहाची वेळ झाली की सगळे खेळाडू आत जात आणि बाळूंना मात्र बाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे, जे वापरून टाकून द्यावयाचे असे. तोंड धुवावयाचे तर जातीतलाच एखादा नोकर पाणी ओतणार. जेवणाची ताटली वेगळी, जागा वेगळी. साऱ्या संघाने ज्याच्या बळींवर विजय मिळवावा, तोच विजयाच्या पंगतीला नाही. हे वाचून आज आम्हांस संकोच वाटतो. पण संकोच वाटतो म्हणून ते गाळावे, हे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

साताऱ्याच्या गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्धचा सामना त्या काळी फार गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टीवर आठवडाभर रूळ फिरविला होता म्हणतात. आयुष्याचा आरंभ रूळ ओढण्यात घालविलेल्या माणसाला रुळाने जेरीस आणण्याचा हा बेत फसला. बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदूंनी सामना जिंकला. पुढे पुण्यात त्यांचा जाहीर गौरव झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्या प्रसंगी आपल्या लोकांना स्पष्टपणे बजावले की ज्याच्यासह खेळता येते त्याच्यासह खाण्यापिण्यास हरकत असण्याचे कारण नाही. मैदानावरील एका विजयाने जे विचारमंथन घडविले ते पुष्कळ व्याख्यानांनी घडले नसते.

मुंबई आणि 1906 चा विजय

1896 मध्ये प्लेगची साथ आली. त्या सुमारास पालवणकर कुटुंब मुंबईस आले. तेथील परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात बाळूंना प्रवेश मिळण्यास काही सभासदांचा विरोध होता, परंतु संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरल्याने तो मावळला. रेल्वेत नोकरी लागली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळू लागले. पाठोपाठ शिवरामही हिंदू संघात आले.

1906 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या जिमखाना मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. हिंदूंनी पहिल्या डावात 242 व दुसऱ्यात 160 धावा केल्या. युरोपियनांचे डाव 191 आणि 102 धावांत आटोपले. 109 धावांनी मिळालेल्या या विजयात बाळू आणि एराशा या दोघा गोलंदाजांचा वाटा सर्वांत मोठा होता. राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात हरविल्याचा आनंद तर होताच. पण मुंबईच्या इंडियन सोशल रिफॉर्मर या सुधारकी साप्ताहिकाने दुसऱ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. मूळचे तमिळ असलेल्या कामाक्षी नटराजन यांच्या संपादनाखालील या पत्राने प्रतिपादिले की हिंदू जिमखान्यात या चर्मकार बंधूंना मिळालेल्या स्थानाने हजारो तरुणांची मने जितकी उदार केली, तितकी इतर प्रयत्नांनी झाली नव्हती. तोवर मुंबईच्या जिमखान्यात बाळू इतरांबरोबर चहा घेऊ लागले होते, एका पंगतीला बसू लागले होते. मातीच्या भांड्यापासून या पंगतीपर्यंतचे अंतर फार थोडे दिसते. ते तोडावयास त्यांना दहा वर्षे चेंडू टाकावा लागला.

विलायतेचा दौरा

1911 साली अखिल हिंदुस्थानचा पहिला क्रिकेट संघ विलायतेस गेला. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघे एकोणीस. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान असे तिन्ही समाजांचे खेळाडू होते. आमच्या दक्षिणेतून म्हैसूर प्रांताचे जयराम होते. बाळू आणि शिवराम हे दोघे बंधूही होते. महाराजांचे लक्ष दरबारी समारंभांकडे अधिक राहिले. हवामान अनोळखी, प्रतिस्पर्धी कसलेले, आणि प्रवास अखंड. एकूण 23 सामन्यांपैकी 6 जिंकले, 15 हरले, 2 अनिर्णित राहिले.

अशा पडत्या संघात बाळू मात्र उठून दिसले. पस्तिशीतल्या या गोलंदाजाने दौऱ्यात एकंदर 114 बळी घेतले, सरासरी 18.84 धावा. त्यांपैकी 75 बळी प्रथम दर्जाच्या सामन्यांतील होते. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात त्यांनी 103 धावांत 8 गडी बाद केले. लीस्टरशायर आणि सॉमरसेट या कौंटी संघांवर विजय मिळाले. सॉमरसेटविरुद्ध तर शिवरामने शतक झळकावून केवळ एक गडी राखून सामना जिंकून दिला. इंग्रज जाणकारांनी बाळूंची गणना आपल्या उत्तम डावखुऱ्या गोलंदाजांच्या बरोबरीने केली. घरच्या माणसांनी ज्या हातावर वरून पाणी ओतले, त्या हाताशी परमुलखातील लोकांनी हस्तांदोलन केले.

परत आल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार करून त्यांना मानपत्र अर्पण केले. त्या मानपत्राच्या सिद्धतेत महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाचा हात होता, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. डॉक्टर आंबेडकरांना बाळूंविषयी तरुणपणापासून आदर होता, आणि पुढील घटना समजून घेताना हे विसरता कामा नये.

न मिळालेले कर्णधारपद

मुंबईत हिंदू, पारशी, युरोपियन आणि पुढे मुसलमान यांच्या संघांमध्ये दरवर्षी जे सामने होत, त्यांत बाळू हिंदूंचे प्रमुख गोलंदाज राहिले. अनुभवाने व कर्तृत्वाने ज्येष्ठ असूनही कर्णधारपद मात्र त्यांच्याकडे आले नाही. 1913 साली ते एम. डी. पै यांना मिळाले. पै हे गौड सारस्वत ब्राह्मण. सत्काराला उत्तर देताना त्यांनी मोकळेपणाने सांगितले की हा मान वास्तविक ज्येष्ठ असलेल्या बाळूंकडे जावयास हवा होता. अशी कबुली देणाऱ्याचे मोठेपण मान्य केले तरी कबुलीने अन्याय भरून येत नाही.

1920 मध्ये गोष्ट हातघाईवर आली. पै आजारी असल्याने कर्णधारपद कोणाकडे जावे हा प्रश्न निघाला. चार बंधूंतील सर्वांत धाकटे विठ्ठल हे तेव्हा हिंदूंचे आघाडीचे फलंदाज झाले होते. पण त्यांना डावलून पुण्याचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांची निवड झाली, आणि बाळूंना तर संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जातीच्या कारणाने होणारा अपमान सहन करणार नाही, असे जाहीर निवेदन काढून माघार घेतली. देशात असहकारितेचे वारे वाहत होते. दोन भावांचा हा असहकार लोकांना पटला. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बंधूंना परत बोलावण्यात आले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही काळ मैदानाबाहेर गेले असता संघाची सूत्रे बाळूंनी सांभाळली. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या पुरुषाला जे नेतृत्व लाभले ते एवढेच.

1923 मध्ये मात्र विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी युरोपियनांवर विजय मिळविला. उच्चवर्णीय तरुणांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून मैदानाबाहेर नेले. थोरल्या भावाने जमीन नांगरावी आणि पीक धाकट्याच्या अंगणात यावे, अशी ही घटना. परंतु बाळूंना ते पीक आपलेच वाटले असावे, असे आम्हांस वाटते.

प्रथम दर्जाच्या अवघ्या 33 सामन्यांत बाळूंच्या नावावर 179 बळी आहेत, सरासरी 15.21. हिंदुस्थानचा पहिला अधिकृत कसोटी सामना 1932 साली झाला, तेव्हा त्यांचा काळ केव्हाच मागे पडला होता.

राजकारण आणि अखेर

खेळातून निवृत्त झाल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात उतरले. त्यांची श्रद्धा महात्मा गांधींच्या मार्गावर होती. 1932 च्या सप्टेंबरात पुणे करार झाला, त्याच्या वाटाघाटींत ते होते आणि करारावर त्यांची सही आहे. त्याच कागदावर डॉक्टर आंबेडकरांची सही आहे, आणि आमच्या तमिळ मुलखातील रेट्टमलै श्रीनिवासन व एम. सी. राजा यांच्याही सह्या आहेत. 1935 मध्ये येवले येथे डॉक्टर आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तेव्हा बाळूंनी तिला विरोध केला. हिंदू समाजाचे हृदयपरिवर्तन होते, हे आपल्या आयुष्यात आपण पाहिले आहे, असा त्यांचा विश्वास होता.

1937 च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना मुंबईत डॉक्टर आंबेडकरांविरुद्ध उभे केले. आंबेडकरांना 13,245 आणि बाळूंना 11,225 मते पडली. बाळू 2,020 मतांनी हरले. एके काळी ज्याने मानपत्राला हात लावला त्याच्याविरुद्ध उभे राहण्याची पाळी यावी, हे दोघांच्याही वाट्याला आलेले दुःख होय. त्यांच्यातील मतभेद हा एकाच जखमेवरील दोन उपायांचा मतभेद होता. बाळूंना चहाचे मातीचे भांडे जाऊन पंगतीत पान मिळाले, ते त्यांनी स्वतः अनुभवले. म्हणून समाज बदलतो, असे त्यांना वाटले. आंबेडकरांनी विचारले असते की ज्याच्या मनगटात ही कला नाही त्या सामान्य माणसाने पंगतीत पान मिळण्यासाठी किती बळी घ्यावयाचे? या प्रश्नाला बाळूंच्या चरित्रात उत्तर नाही, आणि ते असल्याचा आव आणणे त्यांच्यावर व आंबेडकरांवर सारखाच अन्याय करणारे होईल.

4 जुलै 1955 रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले.

आमच्या या कावेरीकाठालाही ही कहाणी परकी नाही. गोपाळकृष्ण भारती यांनी एकोणिसाव्या शतकात नंदनारांचे चरित्र गीतांत गुंफले. शेतमजुरी करणाऱ्या त्या भक्ताला मंदिरात शिरता येत नसे. तिरुप्पुंगूरच्या शिवाचे दर्शन त्याला बाहेरून व्हावे म्हणून नंदी बाजूला सरकला, अशी कथा आहे. आमच्या पंढरीच्या चोखोबांना नंदनार ओळखीचे वाटले असते. दगडाचा नंदी सरकला तरी माणसे मात्र 1939 पर्यंत सरकली नव्हती. त्या वर्षी मदुराईचे मीनाक्षी मंदिर सर्वांना खुले झाले, आणि तंजावरच्या भोसले घराण्याच्या राजेसाहेबांनीही आपल्या व्यवस्थेतील मंदिरे खुली केली. आपण मराठी माणसे या प्रांतात राज्यकर्ते म्हणून आलो, 1855 साली राज्य गेल्यावर शेजारी म्हणून राहिलो. दूर देशी आपली भाषा टिकवताना पूर्वजांचे पराक्रम सांगणे सोपे असते. त्यांनी कोणाला बाहेर उभे केले हे सांगणे कठीण. दोन्ही सांगितल्यावाचून मुलांच्या हाती आपण जो वारसा देऊ तो अर्धाच असेल.

मंडळाच्या पन्नास वर्षांत गणेशोत्सवाच्या, संक्रांतीच्या, कोजागरीच्या कितीतरी पंगती उठल्या असतील. पुढल्या पंगतीला बसताना मुलांनी पालवणकर बाळू कोण होते असे विचारले, तर ताट वाढता वाढता त्यांना एवढे सांगावे : तो एक मोठा गोलंदाज होता, त्याचा डावा हात विलक्षण फिरत असे, आणि आपल्याच लोकांबरोबर जेवावयास बसण्यासाठी त्याला पुष्कळ वर्षे वाट पाहावी लागली.